घोडीचा दोष

तिसऱ्या दिवशी सकाळी, दात घासता घासता, बिट्टीने कबूल केलं.

"माझ्या हातून पडली," तोंडातला फेस तसाच ठेवून ती म्हणाली. "पलंगावरून."

आईने आधी तिला चूळ भरायला लावली आणि पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर आलं, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. तीन दिवस तिने पोरीचा पिच्छा पुरवला होता. ओरडून नव्हे. ओरडायचं नाही आणि हात तर कधीच उगारायचा नाही, हे तिने बिट्टी पोटात असतानाच ठरवलं होतं आणि आठ वर्षं पाळलंही होतं. ती फक्त विचारत राहिली. वेणी घालताना विचारलं, ताट वाढताना विचारलं, शाळेच्या फाटकाशी दप्तर खांद्यावर चढवताना विचारलं. "मी रागावणार नाही. तू फक्त खरं सांग." पहिल्या दिवशी बिट्टी म्हणाली, मी काही केलं नाही, आपोआप झालं. आई म्हणाली, आपोआप काही होत नसतं, राजा. एकदा, अगदी एकदाच, तिच्या तोंडून निघून गेलं होतं, "एवढी घोडी झालीस, एक वस्तू धड सांभाळता येत नाही?" पण तेही हळू आवाजात. दुसऱ्या दिवशी बिट्टी नुसतीच रडली. नवरा म्हणाला, "सोड ना आता. गिटारच आहे, घर नाही जळलं." त्यावर ती म्हणाली, "प्रश्न गिटारचा नाहीये. खोटं बोलण्याचा आहे."

आणि आता हे कबूल झालं होतं.

"शाब्बास," आईने तिला पोटाशी धरलं. "बघ बरं, खरं बोललं की कसं हलकं वाटतं. वाटतंय ना?"

बिट्टीने मान डोलावली.

गिटार होती आत्याची, म्हणजे बिट्टीच्या बाबांच्या थोरल्या बहिणीची. तिने कॉलेजात असताना शिकवण्या करून घेतलेली, पंचवीस वर्षं जपलेली. भाची आठ वर्षांची झाली तेव्हा आत्याने ती स्वतः कापडात गुंडाळून मांडीवर धरून प्रवासात आणली होती. त्या गिटारच्या पोटावरची, तारा जिथे बांधतात ती लाकडी पट्टी, परवा संध्याकाळी मुळासकट उपटून निघाली होती. आई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. आत धाडकन आवाज झाला. ती पळत गेली, तर बिट्टी भिंतीला पाठ लावून उभी, पुस्तक जमिनीवर, आणि गिटार पलंगाशेजारी जमिनीवर उताणी पडलेली. ती पट्टी तारांना लोंबकळत होती, जिथून निघाली तिथलं लाकूड पांढरंफटक दिसत होतं. आईने विचारलं, "काय केलंस?"

कबुली मिळाली त्याच सकाळी आईने नणंदेला फोन लावला. "ताई, पोरीच्या हातून पडली हो. पण तिनं स्वतःहून कबूल केलं." स्वतःहून हा शब्द तिने जरा जोर देऊनच उच्चारला. फोन बिट्टीच्या हातात दिला. बिट्टीने "आत्या, सॉरी, मी पाडली" एवढं म्हणून तो परत दिला.

आता राहिली दुरुस्ती. आई एकटीही जाऊन आली असती, पण तिच्या मनात आलं, पोरीला घेऊनच जावं. वाद्य कसं घडतं, त्यात कुणाचे किती हात राबतात, हे डोळ्यांनी पाहिलं की पुन्हा अशी हयगय व्हायची नाही. मुलांना उपदेश करू नये, दाखवावं, असं तिने कुठेतरी वाचलंही होतं. शनिवारी दुपारी ती गिटार पिशवीत घालून, खांद्याला लावून निघाली. वाटेत तिने बिट्टीला बजावलं, "काय झालं ते तू सांगायचंस. मी नाही सांगणार. बरं?"

"बरं."

दुकान अरुंद होतं आणि खोल, रेल्वेच्या डब्यासारखं. दोन्ही भिंतींवर गिटारी टांगलेल्या, लहान-मोठ्या, काळ्या, मधाच्या रंगाच्या, एक लालभडक. आत लाकडाच्या भुशाचा आणि सरसाचा वास. मागच्या टेबलावर दिव्याखाली एक उंच बाई कानशीने काहीतरी घासत बसली होती. पांढरे केस बॉयकट केलेले, पोटाला जाड कापडाचा एप्रन, चष्मा कपाळावर.

"या. आधी पेशंटला झोपवा इथे," ती म्हणाली आणि टेबलावर जुनी गोधडी पसरली.

आईने बिट्टीला कोपराने हलकेच ढोसलं.

"आजी, माझ्या हातून पडली," बिट्टी म्हणाली.

"आजी? अगं, सगळे दात शाबूत आहेत माझे, मोजून घे हवं तर. मावशी म्हण." बाईने पिशवीची चेन उघडली. "हं. घोडी उखडलीय होय!"

बिट्टी दचकली. खांदे वर घेऊन ती आईच्या मागे सरकली.

"काय झालं गं?"

"मी... मला म्हणालात?"

"तुला कशाला म्हणेन? ही बघ, ह्या पट्टीला घोडी म्हणतात. तारा हिच्या पाठीवर बसतात म्हणून घोडी. ही मान, हे डोकं, ह्या खुंट्या, हे पोट. सगळं माणसासारखं आहे हिचं, फक्त घोडी तेवढी वेगळी." बाई हसली. "तुला कोण म्हणतं घोडी?"

"आई," बिट्टी म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे. कुणी विचारलं तर सांगावं तसं.

आईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "एकदाच म्हटलं होतं. सहज," ती म्हणाली. बाईने ऐकलं न ऐकलंसं केलं. तेवढं केल्याबद्दल आईला तिचे उपकारच वाटले.

"ये इकडे," बाईने बिट्टीला स्टुलावर उभं केलं. "आलीच आहेस तर हिचं पोट आतून बघ."

दातांचा डॉक्टर वापरतो तसा दांडीचा छोटा आरसा तिने गिटारच्या गोल भोकातून आत सोडला आणि बॅटरी पेटवली. बिट्टी वाकली. आत पातळ पातळ पट्ट्या होत्या, पंख्यासारख्या पसरलेल्या, प्रत्येक जेमतेम बोटाच्या जाडीची. बाईने मग भिंतीवरची एक मधाच्या रंगाची गिटार काढली आणि तिच्यातही आरसा सोडला. तिच्या पट्ट्या चांगल्या जाड, फुलीसारख्या एकमेकींवरून गेलेल्या.

"काय फरक दिसला?"

"हिच्यात कमी लाकूड आहे. त्या दुसरीत जास्त."

"हुशार आहेस. आता दोघींच्या पोटावर टिचकी मार. कान लावून."

बिट्टीने टिचक्या मारल्या. आत्याची गिटार डब्यासारखी बोलली, दुसरी दारासारखी. बिट्टी हसली. गेल्या आठवडाभरात ती पहिल्यांदाच हसत होती. आपण पोरीला इथे आणलं ते किती बरं केलं, असं आईला वाटलं. ती मागे सरकून, हाताची घडी घालून उभी राहिली.

"ही तुझी जुनी जी आहे ना, ती नायलॉनच्या तारांची. नायलॉन मऊ, फार ओढत नाही, म्हणून हिचं पोट पातळ ठेवतात. तेवढंच गोड बोलतं. ही दुसरी स्टीलच्या तारांची. स्टील जवळजवळ दुप्पट जोराने ओढतं, म्हणून हिला आतून जाड टेकू द्यावे लागतात. वरून दोघी बहिणी दिसतात. पण हिच्या तारा तिला चालत नाहीत."

आईची हाताची घडी सुटली.

कारण स्टील या शब्दासरशी तिला सगळं दिसलं. तीन आठवड्यांपूर्वी एक तार तुटली होती. कोपऱ्यावरच्या दुकानात वह्या-पेनांशेजारी गिटारच्या तारांची पाकिटंही टांगलेली असायची. "कुठल्या देऊ?" असं दुकानदाराने विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "चांगल्यातल्या द्या, चकचकीत." घरी येऊन व्हिडिओ लावला, चष्मा पुसला आणि दोन तास खपून सहाच्या सहा तारा तिने बदलल्या. व्हिडिओतल्या गिटारच्या तारा वेगळ्याच तऱ्हेने बसत होत्या, पण तिने जुळवून घेतलं. प्रत्येक तारेच्या टोकाला पितळेचा इवलासा मणी होता, तो घोडीच्या भोकामागे नीट अडकला, तेव्हा आपण इंजिनियर व्हायला हवं होतं असंही तिच्या मनात आलं होतं. "बघ, कशी खणखणीत वाजतेय आता," ती म्हणाली होती. आणि बिट्टी म्हणाली होती, आई, बोटं दुखतात. आणि ती म्हणाली होती, सवय होईल.

बाई आता आत्याची गिटार दिव्याखाली फिरवत होती. कडा, खांदे, डोकं, पाठ, सगळीकडून बोट फिरवलं.

"पडली म्हणालीस ना? कुठून?"

"पलंगावरून," बिट्टी म्हणाली.

"खोच नाही कुठे. ओरखडा नाही. पडलेल्या वाद्याला कुठेतरी लागतंच गं. आणि हे बघ, लाकडाचे तंतू सगळे एका दिशेने उभे राहिलेत. ही आपटून नाही निघाली. ओढून ओढून निघालीय. घोडीचा काहीच दोष नाही. तिच्यावर नको तेवढा ताण दिला कुणीतरी. सोसलं तिने दहा-पंधरा दिवस, मग सुटली."

बिट्टी गिटारकडे बघत होती. आपल्यालाच कुणी काही समजावून सांगतंय असा तिचा चेहरा होता. आईला तिकडे बघवेना.

बाईने लोंबकळणाऱ्या तारेचं टोक चिमटीत धरलं, चष्मा खाली ओढून पितळी मणी डोळ्यांजवळ नेला. "स्टीलच्या. ह्या कुणी बसवल्या?"

तिने सहज विचारलं होतं. आवाजात राग नव्हता. उत्तर द्यायला फार तर एक शब्द लागला असता. पण आईच्या डोक्यात एक वाक्य तयार होऊ लागलं, की दुकानदाराने दिल्या. ते खोटं नव्हतं. दिल्या दुकानदारानेच होत्या. ते वाक्य कुठल्या शब्दापासून सुरू केलं तर बरं वाटेल, एवढाच विचार ती करत होती, आणि तेवढ्यात बिट्टी बोलली.

"मी."

बाईने तिच्या बोटांकडे पाहिलं. "तू? ह्या बोटांनी?"

"हो. मीच बसवल्या. आणि पाडली पण मीच."

"खोटं बोलतेय ती," आई म्हणाली.

आणि आपलं वाक्य तिने आपल्याच कानांनी ऐकलं. तोंडातून पहिलं निघालं ते हे. पोरीवर आणखी एक आरोप. जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं, असं वाटण्याची वेळ माणसावर येते म्हणतात. इथली जमीन सिमेंटची होती, भुशाने माखलेली, आणि ती आपली तशीच राहिली.

"मी बसवल्या," ती म्हणाली. "तारा मी बसवल्या. तिचा काही संबंध नाही. मला माहीतच नव्हतं की दोन प्रकारच्या असतात."

"पुष्कळांना नसतं माहीत," बाई म्हणाली आणि उगाचच कानशी पुसू लागली.

बिट्टीने आईकडे पाहिलं. शाळेत तोंडी परीक्षेला मुलं बाईंच्या चेहऱ्याकडे बघतात ना, उत्तर बरोबर चाललंय की चुकतंय, तसं. "मग पाडली कुणी?"

"कुणीच नाही पाडली."

"आपोआप झालं?"

"आपोआप नाही. माझ्यामुळे झालं."

बिट्टीने हे पडताळून पाहिलं. मग तिच्या कपाळावर आठी पडली. "म्हणजे मी पलंगावरून म्हणाले ते खोटं झालं?" आवाज एकदम बारीक झाला. "तू रागावणार?"

आई स्टुलापाशी गेली. "नाही गं. पण तू कबूल का केलंस? केलंच नव्हतंस तर?"

विचारलं आणि तिला वाटलं, हाही तोच प्रश्न. आपल्याला दुसरं काही विचारताच येत नाही.

"तू थांबतच नव्हतीस," बिट्टी म्हणाली. मग समजूत घालावी तशी म्हणाली, "आणि मी सांगितल्यावर तू शाब्बास म्हणालीस. मग मला वाटलं, ते बरोबर होतं."

दुकानाच्या दाराबाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली. बाईने चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा उतरवला. "मी आत पाणी आणते," ती म्हणाली, पण उठली नाही; आत जायला वाट आईच्या पाठीमागून होती.

आईने पर्समधून फोन काढला. घरी जाऊन, नीट शब्द जुळवून, नवऱ्याला आधी सांगून मग, असं सगळं तिच्या मनात येऊन गेलं. आणि घरी गेल्यावर आपण ते कसं सांगू, हेही तिला माहीत होतं. पोरीचा गैरसमज झाला, म्हणू. तिने नंबर लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला.

"बोल गं वहिनी," नणंदेचा आवाज आला. मागे नळ चालू होता.

"ताई, गिटार बिट्टीने नाही पाडली. तारा मी चुकीच्या लावल्या, स्टीलच्या. त्यांनी घोडी उपटली. बिट्टी पहिल्या दिवसापासून सांगत होती मी काही केलं नाही म्हणून. मी तीन दिवस तिच्या मागे लागले आणि तिच्याकडून वदवून घेतलं. तुम्हाला जे सांगितलं ते सगळं चूक आहे."

नळ बंद झाला. मग नणंद हसली. "अगं, एवढंच ना? मला वाटलं काय झालं! चूक माझीच, देताना सांगायला हवं होतं मी. पहिल्याच वर्षी त्या तारा लावायला निघाले होते मी, मास्तरांनी हातावर चापट मारली म्हणून वाचली ती. चिकटवून मिळेल ना?"

"मिळेल," बाई टेबलापलीकडून ओरडली. "आठ दिवस लागतील!"

"झालं तर मग! इतकं कशाला मनाला लावून घेतेस, वेडी आहेस का?"

आईला वाटलं, हिने चार शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं. हा माफीचा सौदा इतका स्वस्तात पटायला नको होता. नणंदेने माफ केलं ते गिटारचं. दुसरं जे होतं, ते माफ करणं नणंदेच्या हातात नव्हतं, आणि ते तिला कळलंही नव्हतं.

"बिट्टीला दे जरा."

बिट्टीने फोन दोन्ही हातांनी धरला. "आत्या, सॉरी."

"तू कशाला सॉरी, ठमे?"

"माहीत नाही," बिट्टी म्हणाली.

फोन ठेवल्यावर बाईने घोडीला लागलेल्या तारा एकेक करून सैल केल्या, कात्रीने कापल्या आणि डब्यात टाकल्या. कापल्यावर त्या डब्यातच वेटोळं करून उसळत होत्या. बिट्टी वाकून बघत होती.

"हात नको लावूस, टोचतात," बाई म्हणाली. आणि मग, काहीतरी आठवून, "काय गं, ती सुटली तेव्हा तू कुठे होतीस? ह्याचा नेम नसतो. माझ्या इथल्या कारागिराच्या भुवईला चार टाके पडले होते. तुला लागलं नाही ना?"

हा प्रश्न आठवडाभरात कुणी विचारला नव्हता. आई त्या सबंध संध्याकाळीतून मनातल्या मनात धावत गेली: दार, पलंग, पुस्तक, भिंतीला टेकलेली पोर. तिने गिटार उचलून उजेडात नेऊन पाहिली होती. पोरीला नव्हती पाहिली.

बिट्टीने आईकडे एकवार पाहिलं आणि डाव्या हाताची बाही वर सारली. कोपराच्या आतल्या बाजूला बोटभर लांब खपली होती, काळपट, कडेने सुटत आलेली. आई रोज तिची नखं बघायची, कानामागे बघायची, केसांतून बोटं फिरवून बघायची. आठवडाभर पोर लांब बाह्यांचे कपडे का मागत होती, ते आता तिला कळलं.

"गिटार खाली ठेवलेली होती, मी शेजारी वाचत बसले होते. ती घोडी एकदम उडाली आणि इथे लागली. रक्त आलं. मी पुसलं." बिट्टी बाईला सांगत होती. "दाखवलं असतं तर आईला वाटलं असतं, मी काहीतरी करत होते."

बाईने टेबलाच्या खणातून कापूस आणि औषधाची बाटली काढून आईच्या बाजूला सरकवली आणि घोडी घेऊन पाठ फिरवून कामाला लागली.

आई स्टुलापुढे खाली बसली, गुडघे भुशात टेकून. बिट्टीने हात पुढे केला, नखं दाखवायला करायची तसाच, तळवा वर करून, शहाण्या मुलीसारखा. आईने तो धरला. कापूस ओला केला, पण खपलीला लावायचा धीर होईना.

"खूप दुखलं का गं?"

बिट्टीचे डोळे आईच्या चेहऱ्यावर फिरत होते, भुवयांवरून ओठांवर, ओठांवरून डोळ्यांत. आईला ते कळलं. ती उत्तर तिथे शोधत होती.

आईने मान खाली घातली, इतकी की तिचा चेहरा पोरीला दिसू नये. "माझ्याकडे बघू नकोस, बिट्टी. हाताकडे बघ आणि सांग."

टेबलावर बाईची कानशी चालू होती, थांबत होती, चालू होत होती. मग आईच्या केसांवरून बिट्टीचा आवाज आला, जरा रागावलेला.

"खूप," ती म्हणाली. "अजून दुखतं."